आइस हॉकीचा चुंबकी फळा, बुधवार पेठेतून बनवून घेतलेला

आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत व्हाइटबोर्ड करून देणारं छोटं दुकान आहे. मी शिकवते त्या मुलांसाठी तिथून आइस हॉकीच्या रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, चुंबकी फळा बनवून घेतला. आमची मुलं एरवी इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवर, खेळतात. चाकांवर गोलरक्षक सोडून एका संघात चार जण, बर्फावर पाच. फेसऑफ म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये पक (हॉकीची चपटी चकती) टाकून खेळ सुरू करणं. आपल्या गोलजवळचा फेसऑफ शिकवताना सगळा गोंधळ या पाचव्या खेळाडूचा होतो. त्यातून आइसिंग झालं, म्हणजे आपल्या अर्ध्या भागातून मारलेला पक थेट समोरच्या गोलरेषेपार गेला, तर फेसऑफ आपल्याच झोनमध्ये (आपल्या गोलकडच्या भागात) येतो आणि दमलेले खेळाडू बदलताही येत नाहीत. अशा वेळी प्रत्येकाला आपली जागा पाठच हवी.

पुढच्या बाजूला ६० बाय ३० मीटरची पूर्ण रिंक, मीटरला सेंटिमीटर. मागे फक्त बचावाचा झोन, दुप्पट मापाचा. फेसऑफच्या वर्तुळाची त्रिज्या ४.५ मीटर, म्हणजे मागे ९ सेंटिमीटर. दुकानातल्या काकांनी हे स्वतः कंपासने तपासलं, वर्तुळाच्या कडेच्या छोट्या रेघा, म्हणजे हॅश मार्कसुद्धा सोडले नाहीत. रेषा लॅमिनेशनच्या खाली आहेत, त्यामुळे मार्कर कितीही पुसा, रिंक तशीच राहते.

या मागच्या बाजूनेच पैसे वसूल झाले. डाव्या वर्तुळातला फेसऑफ मांडला, तर उजव्या विंगला, म्हणजे उजव्या कडेला, खेळणारी मुलगी म्हणाली, "ताई, पक त्यांना मिळाला तर मी कुठे?" तोंडी सांगून हे कधीच पोचत नव्हतं. फळ्यावर तिचं चुंबक वर्तुळाच्या वरून थेट ब्लू लाइनवरच्या (झोनच्या सीमेच्या निळ्या रेषेवरच्या) त्यांच्या शूटरकडे सरकवलं. आमचा सेंटर, म्हणजे फेसऑफ घेणारा मधला खेळाडू, समोरच्या सेंटरला अडकवून ठेवतो, एक डिफेन्स (बचावपटू) गोलसमोरचा त्यांचा माणूस धरतो. पक आपल्याला मिळाला, तर मागचा डिफेन्स तो गोलच्या मागे नेतो आणि डावा विंगर कडेला पाससाठी थांबतो. मुलं एवढंच पुनःपुन्हा मांडत बसली. बहुतेक प्रशिक्षक जिंकलेल्या फेसऑफवरच वेळ घालवतात. माझ्या मते हरलेला आधी शिकवावा, गोल तिथेच बसतात.

चुंबकं मात्र कमजोर निघाली, फळा उभा धरला की घसरायची. काकांनी कुरकुर न करता जाड चुंबकं दिली, तीही दोन रंगांत. तुम्ही करून घेणार असाल तर मापं लिहिलेलं रेखाचित्र न्या, आणि पकसाठी एक लहान काळं चुंबक वेगळं मागा.