मादागास्करच्या व्हॅनिला शेंगा: माल उत्तम, वेष्टन मुके

बडोद्यात रावपुऱ्यातील एका मसाल्याच्या दुकानात मादागास्करच्या व्हॅनिला शेंगा काचेच्या नळीत मिळतात. शेंग काळपट, तेलकट आणि बोटाभोवती गुंडाळली तरी न तुटणारी आहे, आणि चांगल्या प्रतीची ओळख हीच. उभी चिरून, आतले बी सुरीने खरवडून, सालीसकट आटत्या दुधात घातली, तेव्हा बासुंदीला जो खोल, किंचित धुरकट गंध आला, तो बाजारातल्या स्वस्त इसेन्सने कधीच येत नाही. अशा बासुंदीत वेलदोडा मात्र घालू नये.

शेंग महाग आहे, पण तिच्यामागचे कष्ट पाहिले की किंमत अवाजवी वाटत नाही. मूळ मेक्सिकोच्या या वेलीचे फूल जेमतेम एक दिवस उमललेले राहते आणि मादागास्करमध्ये ते फळवणारा कीटक नसल्यामुळे प्रत्येक फूल बारीक काडीने हातानेच फळवावे लागते. ही रीत १८४१ मध्ये शेजारच्या रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली. त्यानंतर शेंग सुमारे नऊ महिने वेलीवर राहते, मग ती गरम पाण्यातून काढतात, कापडात गुंडाळून ठेवतात आणि कित्येक आठवडे वाळवतात.

जगातील बहुतांश व्हॅनिला ईशान्य मादागास्करमधल्या सांबावा, अंतालाहा या भागांतून येतो. तरीही महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट असलेल्या या बेटावर सुमारे तीन चतुर्थांश लोक दारिद्र्यरेषेखाली जगतात. २०१८ च्या सुमारास किलोचा भाव ५०० डॉलरच्या वर गेला, तेव्हा चोरीच्या भीतीने शेतकरी रात्र रात्र राखण करीत आणि हिरव्या शेंगांवर टाचणीने आपली खूण टोचून ठेवीत. २०२० मध्ये सरकारने निर्यातीसाठी २५० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. २०२३ मध्ये ते बंधन उठले आणि भाव कोसळला. अशा चढउतारात व्यापारी तग धरतो, पण एका पिकावर घर चालवणाऱ्याला तेवढी सवड नसते.

म्हणूनच या नळीवर देशाचे नाव आणि वापराची मुदत एवढेच छापलेले असणे मला मोठी उणीव वाटते. कोणता जिल्हा, कोणत्या वर्षीचे पीक, शेतकऱ्याच्या हाती किती पडले, यांतले काहीही त्यावर नाही. मालाला माझे पूर्ण गुण आहेत, परंतु वेष्टनाला मी एकही देणार नाही. घेणाऱ्यांनी दुकानदाराकडे ही माहिती आग्रहाने मागावी, म्हणजे ती मागणी पुरवठादारापर्यंत जाईल. शेंगा फ्रिजमध्ये ठेवू नयेत, घट्ट झाकणाच्या बाटलीत अंधाऱ्या जागी ठेवाव्यात, आणि वापरून झालेली साल वाळवून साखरेच्या डब्यात टाकावी.