कॉक्सीची लस: अंड्यात, पिल्लावर, की औषध खाद्यातच?

लिटरवर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर, रक्त दिसलं की सगळेच धावतात. पण ब्रॉयलरमध्ये कॉक्सीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या आजाराचा, मोठा तोटा बहुतेकदा रक्ताविनाच होतो. आयमेरिया अ‍ॅसर्व्हुलिना आणि मॅक्झिमा हे परजीवी आतड्याचं अस्तर पोखरतात. पिल्लू मरत नाही, खाल्लेलं अंगी मात्र लागत नाही.

अंड्यातली लस हा अमेरिकेतल्या मोठ्या हॅचऱ्यांचा मार्ग. तिथे मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस 1990च्या दशकापासून यंत्राने अंड्यातच देतात. कॉक्सीचीही तशीच, 18व्या दिवसाच्या आसपास, अंडी सेटरमधून (उबवण्याच्या यंत्रातून) हॅचरमध्ये (पिल्लं फुटण्याच्या यंत्रात) हलवताना. सुई रुंद टोकातून गर्भजलापर्यंत जाते आणि गर्भ ते पाणी लसीतल्या जिवंत ऊसिस्टसकट (परजीवीच्या अंड्यासारख्या अवस्थेसकट) गिळतो. प्रत्येक अंड्याला मोजून मात्रा, हा मोठा फायदा. सुई हवेच्या पोकळीतच थांबली तर मात्र डोस वाया. शिवाय कवचाला भोक पडतं, म्हणून हॅचरी अस्वच्छ असेल तर बुरशी आत शिरते.

एक दिवसाच्या पिल्लांवर लसीचा फवारा स्वस्त आणि सोपा. रंगीत थेंब पाहून पिल्लं एकमेकांच्या पिसांवरून टिपतात. त्यासाठी उजेड भरपूर हवा. कुणाच्या पोटात जास्त जातं, कुणाच्या काहीच नाही. राहिलेल्यांना पुढे लिटरमधून एकदम मोठा मारा बसतो.

माझ्या मते खरा फरक सुईत नाही, तुसात आहे. एका डोसाने प्रतिकारशक्ती येत नाही. विष्ठेतून पडलेले ऊसिस्ट ओलाव्यात पिकावे लागतात, पिल्लांनी ते पुन्हा खावे लागतात, असे दोन-तीन फेरे व्हावे लागतात. तूस ठणठणीत कोरडा असेल तर महागडी लसही तिथेच थांबते. चिखल असेल तर लसच आजार होते. मुठीत दाबल्यावर हलका गोळा व्हावा आणि सोडताच मोडावा, इतपत ओल ठेवावी. पस्तीसेक दिवसांत विकायच्या पक्ष्याला या फेऱ्यांमुळे तिसऱ्या आठवड्यात येणारी वजनातली ढील भरून काढायला वेळ थोडाच उरतो.

म्हणून लहान वजनाला विकणाऱ्याने खाद्यातल्या औषधाला नाक मुरडू नये. सॅलिनोमायसिन, मॅडुरामायसिन यांचा भरवसा आहे, पण तेच तेच वर्षानुवर्षं दिलं की परजीवी सरावतात. तेव्हा एखाद-दुसरी बॅच लसीची घ्यावी. लसीतले औषधाला बळी पडणारे वाण शेडमध्ये पसरतात आणि जुनं औषध पुन्हा चालू लागतं. अमेरिकेत अँटिबायोटिकमुक्त कोंबडी विकायची तर सॅलिनोमायसिनसारखी आयोनोफोर औषधं चालतच नाहीत, कारण तिथे ती अँटिबायोटिकच धरतात, त्यांना निवड सोपी आहे.

अंड्यातली लस हवी की नको हे हॅचरीच ठरवते. पिल्लं विकत घेणाऱ्याने एवढंच विचारावं: कॉक्सीची लस झालीय का? झाली असेल आणि प्री-स्टार्टरच्या (पिल्लांच्या पहिल्या खाद्याच्या) पोत्यावर सॅलिनोमायसिन छापलेलं असेल, तर ते पोतं परत पाठवा, ते औषध लसीतले परजीवीच मारतं.