सीबीडी तेल, पाच महिने, साडेतीन बाटल्या : आधी ड्रॉपर मोजा

दुसऱ्या बाटलीत तेल कमी भरलंय, असं कंपनीला लिहिताना माझी शंभर टक्के खात्री होती. हिशोब सरळ होता. पहिली बाटली चाळीस दिवस पुरली, दुसरी सत्ताविसाव्या दिवशी संपली. डोस तोच : रोज रात्री जिभेखाली एक ड्रॉपर. ३० मिलीची बाटली २८५० रुपयांना पडते. खोबरेल तेल नव्हे, की थोडं कमीजास्त झालं तर सोडून द्यावं.

थोडं मागचं सांगतो. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर. दिवसा फिजिओथेरपी, रात्री कुशीवर वळलो की जाग. ऑफिसातल्या एकाने हे तेल सुचवलं. सीबीडी आणि टीएचसी हे भांगेच्या झाडातले दोन घटक, नशा आणतं ते टीएचसी, आणत नाही ते सीबीडी. कायद्याचं मात्र दोन वाक्यांत सांगतो, कारण घरी सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच होता. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे ही तेलं भांगेच्या पानांच्या अर्कापासून करतात आणि 'विजया' या नावाने आयुर्वेदिक परवान्यावर विकतात. औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, मात्र भांग थेट धोतऱ्याच्या पंगतीला बसवलेली आहे, म्हणून बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते.

माझ्या वाट्याला आलेली देखरेख चार मिनिटांची होती. कंपनीच्या वैद्यांनी व्हिडिओ कॉलवर वय, वजन आणि दुखतं कुठे एवढं विचारलं आणि कॉल संपायच्या आत चिठ्ठी मोबाईलवर आली. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. कॉलेज रोडला गाडी लावायला जागा शोधा, मग दवाखान्यात तासभर बसा, त्यापेक्षा हे बरं. ते कौतुक आता परत घेतो, का ते पुढे येईलच.

पहिल्या बाटलीबद्दल तक्रार नव्हती. पहिले दोन आठवडे काही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीची जाग चारवरून दोनवर आली. खांदा तसाच. शिवाय एक ड्रॉपर म्हणजे १ मिली असं लिहिलेलं असताना बाटली चाळीस दिवस गेली. कंपनीने हात सैल सोडून तेल भरलंय म्हणून मी बायकोजवळ तारीफसुद्धा केली. मोजायचं काही सुचलं नाही. फायदा होत असला की माणूस मोजत नाही.

दुसऱ्या बाटलीला सकाळी डोकं जड. साडेआठपर्यंत डोळ्यांवर झापड, एकदा तर स्कूटर काढून परत लावली आणि रिक्षाने गेलो. आणि बाटली सत्ताविसाव्या दिवशी रिकामी. मी ईमेल ठोकला. 'सर, आमची प्रत्येक बाटली मशीनवर भरली जाते', असं उत्तर आलं. मेडिकलमधून आठ रुपयांची १ मिलीची सिरिंज आणली, सुई काढून टाकली आणि दोन्ही बाटल्यांचे ड्रॉपर पाण्याने मोजले. पहिला पूर्ण दाबून सोडला तर ०.७ मिली. दुसरा, १.० मिली.

कंपनी तीच, लेबल तेच, काचेची नळी दिसायला तीच. फरक वरच्या रबराच्या फुग्यात! दुसऱ्याचा फुगा थोडा मोठा आणि मऊ. नळीवर खूण एकही नाही. म्हणजे पहिले चाळीस दिवस मी सांगितलेल्या डोसच्या सत्तर टक्के घेत होतो, आणि नवी बाटली उघडल्या दिवसापासून कुणी न सांगता डोस जवळपास दीडपट झाला. मी फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, एक ड्रॉपर म्हणजे साधारण एक मिली." साधारण! पोराच्या तापाचं ऐंशी-नव्वद रुपयांचं औषध घेतलं तरी त्यासोबत अडीच आणि पाचच्या रेघा मारलेलं टोपण येतं. इथे सहा आकडी पगाराचा डिझायनर लावून डबी केली असावी अशी डबी, आत मखमलीसारखा कागद, आणि मोजायला डोळ्यांचा अंदाज. वर तो ड्रॉपर तळाला टेकतच नाही. दर बाटलीत साधारण (आता मीही साधारण म्हणतो) २ मिली खाली राहतं, म्हणजे १९० रुपये. मी बाटली उलटी करून कपात ठिबकत ठेवली तेव्हा बायकोने ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहिता येणार नाही.

आता इथे स्वतःला थोडं खोडतो. डोकं जड होण्याचं सगळं खापर मी ड्रॉपरवर फोडलं होतं, ते पूर्ण खरं नाही. पहिली बाटली मी झोपायच्या वेळी घ्यायचो, म्हणजे जेवण होऊन तीन तास झालेले असायचे. दुसरीच्या वेळी घरात पाहुणे होते, विसरायला नको म्हणून ताटावरून उठल्याउठल्या घ्यायला लागलो. तेही पुरणपोळी आणि वर तूप. सीबीडीचं एपिडायोलेक्स नावाचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मंजूर झालं. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट आहे की भरपूर स्निग्ध जेवणासोबत घेतलं तर उपाशीपोटीच्या चौपट औषध रक्तात उतरतं. माझ्या तेलाच्या पत्रकात 'जेवणानंतर किंवा आधी' एवढंच. तेव्हा किती ड्रॉपरचं आणि किती तुपाचं, ते आता वेगळं काढता येत नाही. ड्रॉपर निर्दोष सुटला असं मात्र नाही.

एकदा मोजायला बसलो म्हटल्यावर लेबलही नीट वाचलं. मोठ्या अक्षरांत १५०० मिग्रॅ. मी पाच जणांना सांगून मोकळा झालो होतो की एका मिलीत ५० मिग्रॅ सीबीडी असतं. खालच्या बारीक ओळीत : विजया अर्क १५०० मिग्रॅ. अर्क. सीबीडी नव्हे. डबीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, लॅबचा अहवाल उघडला. मिलीमागे सीबीडी ३१.२ मिग्रॅ आणि टीएचसी ४.६ मिग्रॅ. म्हणजे मिलीग्रॅममागे एक रुपया नव्वद पैसे समजून घेतलेली वस्तू तीन रुपयांना पडली. आणि रोज एक मिली घेताना साडेचार मिग्रॅ टीएचसी पोटात जात होतं. अमेरिकेच्या अमली पदार्थ संशोधन संस्थेने २०२१ मध्ये अभ्यासांसाठी टीएचसीचं एक प्रमाण एकक ठरवलं, ते ५ मिग्रॅचं आहे. 'यात नशा नसते' हे वाक्य कंपनीच्या पानावर ठळक आहे. मला नशा आली नाही, पण सकाळची ती झापड कशाची होती याबद्दल मला आता तिसरा संशयित मिळाला.

अहवालावरचा बॅच नंबर माझ्या बाटलीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. त्यामुळे ३१.२ हा आकडासुद्धा माझ्या बाटलीचा नाही, कुठल्या तरी आधीच्या बाटलीचा. आणि अहवाल एकाच पानाचा, फक्त ताकदीचा. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचं नाव नाही, कीटकनाशकं नाहीत, अर्क काढताना वापरलेल्या द्रावणाचा अंश राहिला का तेही नाही. हे सगळं मी उगाच मागत नाही. भांगेचं झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. चेर्नोबिलजवळची जमीन शुद्ध करायला ते मुद्दाम लावून पाहिलं होतं, यावरून समजा. तो गुण शेतीला चांगला असेल, जिभेखाली ठेवायच्या तेलात नको.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी आली होती. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ३१ कंपन्यांची ८४ सीबीडी उत्पादनं घेतली, त्यातल्या ६९ टक्क्यांवर लिहिलेलं प्रमाण चुकीचं निघालं. गंमत म्हणजे त्यात लिहिल्यापेक्षा जास्त भरणारे कमी भरणाऱ्यांहून जास्त होते. १८ उत्पादनांमध्ये टीएचसी सापडलं. युटा राज्यात तर २०१७-१८ च्या हिवाळ्यात सीबीडी म्हणून विकलेल्या मालात कृत्रिम रसायन निघालं आणि ५० हून जास्त लोक आजारी पडले. ब्रिटनच्या अन्न संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी माणसासाठी सीबीडीची रोजची मर्यादा ७० मिग्रॅवरून १० मिग्रॅवर आणली. हे वाचलं त्या रात्री मी सिरिंजने अर्धा मिली घेतला, आणि तेव्हापासून डोस तोच. झोपेत काही फरक पडला नाही. मग आधीचं जादा तेल कशाला गेलं, याचा हिशोब न केलेलाच बरा.

तिसऱ्या बाटलीचा हिशोब पक्का होता. रोज अर्धा मिली, सिरिंज तळापर्यंत पोचते, म्हणजे साठ दिवस. पंचेचाळिसाव्या दिवशी बाटली रिकामी. मी पुन्हा ईमेल लिहायला बसलो, विषयात 'पुन्हा तोच प्रकार' असं टाकूनसुद्धा झालं होतं. आई शेजारीच भाजी निवडत होती. म्हणाली, "अरे, त्यातलं थोडं मी घेतलंय."

"किती?"

"दुपारी अर्धी नळी. दोन आठवडे झाले असतील. गुडघा फार ठणकतो रे. झाडपाल्याचंच आहे ना, तू घेतोस म्हणून मीही घेतलं."

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. बारा वर्षं ती रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी घेते, महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासतो. तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये असावा लागतो. नेमका त्याच आठवड्यात ४.४ आला होता, आणि आम्ही सगळे पालेभाजी कमी झाली का, गोळी चुकून दोनदा घेतली का, यात गुंतलो होतो. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून तेलाचं सांगितलं. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "बाटलीचा फोटो पाठवा. आणि आजपासून बंद." वॉर्फरिन शरीरातून काढून टाकणारं लिव्हरमधलं जे एन्झाइम आहे, त्याला सीबीडी अडवतं. गोळी तेवढीच राहते, असर वाढतो. तेलामुळेच आकडा चढला असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत, एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. तेल बंद केलं, एक दिवस गोळी गाळली, आठवड्याने ३.१. हिरड्यांतून थोडं रक्त यायचं ते थांबलं. ते यायचं हेही आईने तेव्हाच सांगितलं.

त्या चार मिनिटांच्या कॉलवर मला, किंवा घरात अजून कोण आहे त्यांच्याबद्दल, 'दुसरी औषधं कोणती' हा एक प्रश्न आला असता तर निदान माझ्या कानावरून गेला असता. पत्रकात 'इतर औषधे सुरू असल्यास सल्ला घ्यावा' असं आहे. ते सगळ्याच पत्रकांत असतं, म्हणून कुणी वाचत नाही. वॉर्फरिन, फिट्सच्या गोळ्या, अशी नावं घेऊन ठळक लिहायला हवं. बाटली आता कपाटात कुलपात असते. एका तेलाच्या बाटलीला कुलूप, आईला ते अजून पटलेलं नाही.

शेजारचे काका परवा आनंदाने सांगत आले की त्यांना 'हेम्प ऑइल ५००० मिग्रॅ' सहाशे रुपयांत मिळालं, मी उगाच लुटला गेलो. बाटली पाहिली, ते हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या, बियांचं तेल होतं. २०२१ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बिया, त्यांचं पीठ आणि तेल खाद्य म्हणून मान्य केलंय, त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. उत्तराखंडात त्या बियांची चटणी करतात. काकांना सांगितलं, चटणी करा. भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्यालाही झोपेसाठी हवं होतं. त्याला मी साफ नाही म्हटलं. जहाजावर लघवीची तपासणी टीएचसी शोधते, तुमच्या वैद्यांची चिठ्ठी नाही. आणि हे बॅगेत टाकून दुबईला तर अजिबात जाऊ नका.

मग मी अजून का घेतोय? कारण रात्री दोनदाच जाग येते, आणि चौथी बाटली या सगळ्याच्या आधीच ऑर्डर केलेली होती. २८५० रुपये मोरीत ओतायला माझा हात धजत नाही. खांदा फिजिओने सुटला, तेलाने नाही. मधल्या काळात लिव्हरची तपासणी करून घेतली, नॉर्मल आहे. चौथ्या बाटलीच्या बॅचचा पूर्ण अहवाल मागितला त्याला तीन आठवडे झाले. जड धातूंसह, एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबचा, असं स्पष्ट लिहिलं होतं. अहवाल आला नाही, नवा ड्रॉपर आला. कुरियरने, मखमली कागदात गुंडाळून. त्यावर रेघा होत्या, ०.२५ पासून १ पर्यंत. मला खरंच आनंद झाला. तेलाचा हात लागून चार दिवसांत त्या पुसल्या गेल्या. आई आता त्याने निरांजनात तेल घालते.

परवा कंपनीचा मेसेज आला : 'तुमची बाटली संपत आली असेल, आजच मागवा आणि दहा टक्के सूट मिळवा.' अठ्ठावीसावा दिवस होता. सिरिंज घेऊन मोजलं, १६ मिली शिल्लक आहे.