सोलापूरच्या पूर्व भागातलं दोन खुर्च्यांचं सलून

पाटीवरचं नाव उडालंय, फक्त 'केशकर्तनालय' एवढंच वाचता येतं. अशोक चौकाकडून आत शिरलं की मागांच्या खडखडाटात हे दुकान. कटिंग ८० रुपये, दाढी ४०, सोमवारी बंद. टॉवेल सोलापुरीच, पण धुऊन धुऊन त्याची मच्छरदाणी झालीय.

मला उजवा हात मनगटापासून नाही. माग चालवायचो, पट्ट्यात गेला. तेव्हापासून एका हाताच्या माणसांबद्दल शोधून शोधून वाचायची खोड लागली. त्यात डॅनियल इनोये सापडला. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या होनोलुलूचा, जपानी वंशाचा. १९४१ साली तिथल्याच पर्ल हार्बरवर जपानचे बॉम्ब पडले आणि असल्या पोरांकडे त्यांचाच देश संशयाने बघू लागला. तरी हा फौजेत गेला. २१ एप्रिल १९४५ ला इटलीत कोपरावर मार बसून उजवा हात लोंबकळला, आणि त्याच मुठीत पिन काढलेला हातबॉम्ब! तो त्याने डाव्या हाताने सोडवून घेतला आणि शत्रूवर फेकला. सर्जन व्हायचं होतं म्हणे. पुढं वकिली शिकला.

घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोत तो केस कापायला गेला. अंगावर कॅप्टनचा गणवेश, छातीवर पदकं, हाताच्या जागी लोखंडी आकडा. जपानी म्हटल्यावर सलूनवाल्याने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

दाढी चालू असताना मी हे आमच्या कारागिराला सांगितलं. वस्तरा थांबला. "काय सांगता ओ काका, दारात आलेलं गिऱ्हाईक माघारी धाडलं?" लढाईचं त्याला काही नाही, गिऱ्हाईकाचंच लागलं.

मला तसं कुणी हाकललेलं नाही. एका एसी सलूनमध्ये मात्र पोरानं विचारलं, "सोबत कोणी आहे का?" जणू मी पार्सल! इथं असलं काही नाही. कॉलरचं बटण तो न बोलता काढतो, चष्मा डावीकडे ठेवतो. उरलेले पैसे देताना आधी नोट देतो, ती खिशात गेली की मग नाणी. दोन्ही एकदम दिलं की नाणी घरंगळतात, हे दोन हातवाल्यांना कळत नाही.

पुढच्या खेपेला त्यानंच विचारलं, "त्या फौजीचं पुढं काय झालं?" सांगितलं. १९५९ ला हवाई हे अमेरिकेचं राज्य झालं तेव्हा तिथून संसदेत गेलेला पहिला प्रतिनिधी हाच. १९६३ पासून २०१२ ला मरेपर्यंत सिनेटर. लढाईनंतर दवाखान्यात याच्यासोबत बॉब डोल होता, पुढं तोही सिनेटर झाला; त्याचाही उजवा हात लढाईतच निकामी झालेला. राजकारणात जायचा बेत डोलचा, पण संसदेत आधी पोचला हा! सर्वोच्च शौर्यपदक मात्र २००० साली मिळालं, ५५ वर्षांनी. "लवकरच म्हणायचं," कारागीर म्हणाला आणि फवारा मारला.

रविवारी जाऊ नका, बाकड्यावर तासभर जातो. आणि डावीकडची खुर्ची धरा, पंखा तिथंच लागतो.