सिंगल फेजच्या जोडणीवर थ्री फेज लेथ : व्हीएफडीचा आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये वीजजोडणी सिंगल फेजची आहे आणि लेथची, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या मशीनची, मोटर मात्र थ्री फेजची, दीड किलोवॅटची. एकाच मशीनसाठी थ्री फेजची वेगळी जोडणी घेण्याचा खटाटोप करण्याची इच्छा नव्हती, म्हणून २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन तीन फेज देणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरला मिळणारी फ्रिक्वेन्सी बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, बसवला. त्याला आता आठ महिने झाले. ड्राइव्हबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. परंतु हे उपकरण विकत घेऊन चार तारा जोडल्या की काम झाले, ही माझी सुरुवातीची समजूत किती अपुरी होती, ते सांगण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

आधी इतर पर्यायांचा विचार केला होता. कपॅसिटरवर चालणारा साधा स्टॅटिक कन्व्हर्टर मोटर सुरू करून देतो, पण नंतर मोटर प्रत्यक्षात सिंगल फेजवरच चालते आणि तिच्या क्षमतेच्या सुमारे दोन तृतीयांश इतकेच काम करू शकते. रोटरी कन्व्हर्टरमध्ये दुसरी एक मोटर सतत फिरत ठेवावी लागते. अनेक मशीन असतील तर तो पर्याय मला आजही अधिक योग्य वाटतो. माझे मशीन एकच असल्याने व्हीएफडी निवडला.

पहिली महत्त्वाची गोष्ट मोटरच्या नेमप्लेटवर होती. २३० व्होल्टवर चालणारा ड्राइव्ह तीन फेजच्या आपसात २३० व्होल्टच देतो, ४०० नाही. माझ्या नेमप्लेटवर २३०/४०० व्होल्ट आणि ५.९/३.४ अँपिअर असे आकडे होते आणि मोटर स्टारमध्ये, म्हणजे ४०० व्होल्टसाठीच्या जोडणीत होती. टर्मिनल बॉक्समधील पट्ट्या काढून ती डेल्टामध्ये, म्हणजे २३० व्होल्टसाठीच्या जोडणीत घेतली आणि ड्राइव्हमधील ओव्हरलोडचे सेटिंगही ५.९ अँपिअरवर आणले. हा बदल केला नसता तर मोटर फिरली असती, पण पहिल्याच जाड कापाला दम सोडून गरम झाली असती. ज्या मोटरच्या नेमप्लेटवर ४०० व्होल्टचा डेल्टा लिहिलेला आहे, तिला असा ड्राइव्ह उपयोगाचा नाही, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे. मोटर जुनी असल्याने आतील तारांच्या वेढ्यांचे इन्सुलेशन मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने तपासले. मात्र त्या वेळी ड्राइव्ह पूर्णपणे सोडवून ठेवला होता, कारण मेगरचा ५०० व्होल्टचा दाब आतील इलेक्ट्रॉनिक भागांना मारक ठरू शकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र मशीनच्या जुन्या स्विचमध्ये होता आणि तो माझ्या लक्षात चुकीतूनच आला. लेथला पुढे-मागे फिरवणारा ड्रम स्विच होता. तो मी ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये तसाच राहू दिला. पहिल्याच आठवड्यात सवयीने चालू मशीनवर तो लिव्हर ओढला आणि ड्राइव्ह ओव्हरकरंटचा दोष दाखवून तत्काळ बंद पडला. नुकसान झाले नाही, पण ते नशीब होते. भार असताना ड्राइव्हच्या आउटपुटची तार तोडली तर आतील ट्रान्झिस्टर जाऊ शकतात, ही सूचना पुस्तिकेत ठळक अक्षरांत होती आणि मी ती वाचून विसरलो होतो. आता ड्राइव्हपासून मोटरपर्यंत केबल अखंड आहे आणि जुन्या लिव्हरमधून फक्त ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलचा अल्प व्होल्टेजचा सिग्नल जातो.

याच ओघात आणखी एक गोष्ट सापडली. मशीनवरचा दिवा आणि कॉन्टॅक्टरची (कॉइलमधील विजेवर चालू-बंद होणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल ज्या ट्रान्सफॉर्मरवर चालत होत्या, त्याला वीज मोटरच्याच दोन फेजमधून मिळत होती. ड्राइव्हचे आउटपुट म्हणजे कापून कापून दिलेले पल्स असतात; त्यावर असा ट्रान्सफॉर्मर चालवता येत नाही. दिव्याला थेट मुख्य पुरवठ्यावरून वेगळी वीज दिली आणि कूलंटसाठी (कापताना सोडायच्या थंड द्रवासाठी) स्वतंत्र सिंगल फेज पंप बसवला. कोणत्याही जुन्या मशीनचा पॅनेल उघडून प्रत्येक तार कुठून कुठे जाते, याचा कागदावर नकाशा काढल्याशिवाय हे काम सुरू करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

अर्थिंगच्या बाबतीत मी पहिल्यापासून काटेकोर होतो. मशीनच्या सांगाड्याला, मोटरला आणि पॅनेलला संरक्षक अर्थची अखंड तार आहे. न्यूट्रलला अर्थ समजून जोडण्याची पळवाट मी कुठेही ठेवली नाही. मोटरची केबल जाळीच्या आवरणाची आहे, ते आवरण दोन्ही टोकांना पूर्ण घेरातून अर्थ केले आहे आणि केबलची लांबी जेमतेम तीन मीटर ठेवली आहे. तरीही वर्कशॉपची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थकडे करंट गळताच वीज तोडणारा स्विच) सुरुवातीला अधूनमधून विनाकारण ट्रिप होत असे, कारण ड्राइव्हमधील फिल्टरमधून थोडा करंट नेहमीच अर्थकडे जातो. ती काढून टाका, असा सल्ला एका जाणकाराने दिला होता. तो मी मानला नाही. लेथसाठी वेगळे सर्किट काढून त्यावर पुस्तिकेत सांगितलेली एफ प्रकारची आरसीसीबी बसवली आणि त्रास थांबला. साधी एसी प्रकारची आरसीसीबी येथे भरवशाची नाही. गळतीच्या करंटचे स्वरूप बदलल्यामुळे खऱ्या दोषाच्या वेळी ती गप्प राहू शकते.

थांबवण्याच्या व्यवस्थेवर मी दोनदा काम केले. आधी लाल इमर्जन्सी बटण ड्राइव्हच्या आधीचा कॉन्टॅक्टर लगेच पाडत असे; वीज तुटत असे, पण जड चक (कामाचा तुकडा पकडून फिरणारा भाग) बराच वेळ फिरत राहत असे. आता बटण दाबले की ड्राइव्ह आधी मोटर आवरतो आणि टायमर रिले पाच सेकंदांनी कॉन्टॅक्टर पाडतो, त्यामुळे ड्राइव्हने ऐकले नाही तरी वीज तुटतेच. ब्रेकिंग रेझिस्टर (थांबवतानाची ऊर्जा उष्णतेत जिरवणारा भाग) लावण्यापूर्वी लवकर थांबवताना ओव्हरव्होल्टेजचा दोष येत असे, कारण फिरणाऱ्या चकमधील ऊर्जा ड्राइव्हकडे परत येते. तरीही थांबण्याची वेळ मी चार सेकंदांखाली आणलेली नाही. माझा चक स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, आट्यांवर बसतो आणि झटक्याने थांबवला किंवा उलटा फिरवला तर तो सुटून अंगावर येऊ शकतो. म्हणून उलटी दिशा ड्राइव्हमध्येच बंद करून ठेवली आहे. वीज जाऊन परत आली तर लिव्हर चालू स्थितीत असतानाही मशीन आपोआप सुरू होऊ नये, यासाठी ड्राइव्हमधील सेटिंग आणि कॉन्टॅक्टरचे स्टार्ट बटण अशी दुहेरी सोय आहे. आठ महिन्यांत चार-पाच वेळा वीज गेली आणि प्रत्येक वेळी बटण दाबेपर्यंत मशीन शांत राहिले.

रोजच्या कामात वेग बदलण्याची सोय सुखाची आहे. तुकड्याचे टोक सपाट कापताना व्यास कमी होत जातो तसा वेग वाढवता येतो. पण कमी वेगासाठी गिअर विसरून चालत नाही. २५ हर्ट्झवर मोटरची शक्ती (किलोवॅट) निम्म्यावर येते आणि तिचा स्वतःचा पंखाही अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून त्याखाली मी फार वेळ चालवत नाही. वरची मर्यादा ६५ हर्ट्झ ठेवली आहे; जुन्या बेअरिंगवर त्याहून जास्त विश्वास टाकावासा वाटत नाही.

पाचव्या महिन्यात ड्राइव्ह उष्णतेमुळे एकदा बंद पडला. पॅनेलच्या पंख्याची जाळी बारीक धुळीने बंद झाली होती, आणि त्याच वर्कशॉपमध्ये मी ग्राइंडिंगही करत असल्याने ती धूळ लोखंडी होती. ड्राइव्हच्या आत असा कीस गेला असता तर शॉर्ट सर्किट ठरलेलेच होते. आता पॅनेल ग्राइंडरपासून दूर भिंतीवर आहे आणि जाळी दर महिन्याला बदलतो. दार उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून कुलूप लावतो, पूर्ण दहा मिनिटे थांबतो आणि मग डीसी टर्मिनलवर मीटर लावून पाहतो, कारण चालू असताना तेथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि कपॅसिटर रिकामे होण्यास वेळ लागतो. गेल्या वेळी पाच मिनिटांनी कुतूहल म्हणून पाहिले, तेव्हा मीटर ६८ दाखवत होता.