काजूच्या बागेत दोन हंगाम: गोचिडीसाठी लावायचं डेपा तेल

बागेतून आलं की मागच्या दारी पांढरी चादर अंथरायची आणि तिच्यावर उभं राहून अंगावरचे कपडे झटकायचे, ही आमच्या घरातली रीत 2017 पासूनची. झटकल्यावर चादरीवर काय पडलंय ते बघायला मला चष्मा लागतो. गुरांच्या कानात फुगून बसलेली मोठी गोचीड पोरंसुद्धा ओळखतात. माणसाला चावते ती पिल्लू गोचीड. तिळाहून लहान आणि रंगाने पातेऱ्यासारखीच, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पानांसारखीच तपकिरी. ती चालायला लागली तरच दिसते. चावल्याचं तर कळतही नाही, कारण दुखत नाही.

या पिल्लू गोचिडीसाठी मी दोन हंगाम डेपा तेल वापरलं. काजूवाल्यांना त्याचा अनुभव कळावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमची बाग सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. फेब्रुवारी अखेरपासून मेपर्यंत मी धरून सहा बायका रोज बागेत असतो. पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पातेऱ्यातून शोधायचा, बी पिळून काढायची, पिशवीत टाकायची. दिवसभर ओणवं काम आणि हात कोपरापर्यंत पातेऱ्यात. पिल्लू गोचिडी नोव्हेंबरपासून मेपर्यंत सगळ्यात जास्त फिरतात. म्हणजे त्यांचा हंगाम आणि आमचा हंगाम एकच. झाडाखाली पाऊल न टाकता काजू घरी येत नाही, त्यामुळे ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही.

या गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप आमच्याकडे आला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने पडू लागली. जंगलात माकडं मरतात म्हणजे आफ्रिका-अमेरिकेतला पीतज्वर भारतात आला की काय, अशी पहिली भीती होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू शोधून काढला तेव्हा तो निराळाच निघाला. रशियातल्या जंगलांत गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा तो नातेवाईक. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणू लागले. तिकडचे लोक ‘मंगन कायिले’ म्हणतात, म्हणजे माकडाचा आजार. पुढची पन्नासेक वर्षं तो शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांतच राहिला. 2015 ला गोव्यात सत्तरीच्या पाळी गावात आला, 2016 ला आमच्याच तालुक्यातल्या केर गावात आणि पुढच्या हंगामात बांद्याच्या बाजूला.

त्याच हंगामात माझ्या धाकट्या दिरांना ताप भरला. सकाळी बरे होते, दुपारी डोकं फुटेल असं दुखू लागलं, रात्री उठून बसवेना. आम्ही ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तिथे पाच दिवस टायफॉइडचे उपचार चालले. बागेत जाता का, जवळपास माकड मेलं का, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. पाचव्या दिवशी नाकातून रक्त आलं तेव्हा सरकारी इस्पितळात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काजूचा विचारला. रक्ताचा नमुना गेला आणि अहवाल माकडतापाचा आला. त्यावर थेट औषध नाही. सलाइन, तापावर नियंत्रण, रक्तस्रावावर लक्ष, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. दीर वाचले. ताप उतरून दहा दिवस गेल्यावर पुन्हा चढला आणि त्या वेळी ते बरळत होते. काही रोग्यांना असा दुसरा फेरा येतो आणि तो मेंदूवर जातो, हे तेव्हा कळलं. धड काम करायला त्यांना पुढचा पावसाळा संपावा लागला.

त्यानंतर आम्ही वाटपात मिळालेलं डीएमपी तेल लावू लागलो, तेही गोचीड दूर ठेवण्यासाठीचंच. अजिबात नसण्यापेक्षा ते बरं होतं, पण त्याच्यावर माझा जीव कधी बसला नाही. घाम आला की तासा-दोन तासांत अंगावर काही राहिलंय असं वाटायचं नाही. त्यात ते प्लास्टिकला खातं. माझ्या घड्याळाचा पट्टा चिकट होऊन गेला, चष्म्याच्या काडीची चकाकी गेली. बायका महिनाभर लावायच्या आणि एप्रिलच्या उकाड्यात सोडून द्यायच्या.

डेपा तेल माझ्याकडे आलं आक्काकडून. माझी थोरली बहीण शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात दिलेली. त्याच तालुक्यातल्या अरळगोडूत 2019 च्या हंगामात मोठी साथ आली होती. आक्काचं सासर तिथून जवळ, त्यामुळे त्या घरात या तापाबद्दल बोलताना अजून आवाज खाली जातो. तिकडे आरोग्य खात्याच्या बायका दारोदार डेपाच्या बाटल्या देतात. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला आक्का आली ती तिळगुळाच्या डब्याबरोबर तीन बाटल्या घेऊन. ‘हे लावल्याशिवाय बागेत पाय टाकलास तर मी परत येणार नाही,’ म्हणाली.

डेपा हे नाव डाइइथाइल फिनाइल अ‍ॅसिटामाइडचं. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने, डीआरडीओच्या डीआरडीईने, डीट या परदेशी कीटकरोधकाला देशी पर्याय म्हणून ते तयार केलं. डास, जळवा, गोचीड अशा सगळ्यांना दूर ठेवणारं. ते गोचिडीला मारत नाही, अंगावर चढू देत नाही, हे वापरण्याआधी समजून घ्यायला हवं. आमच्यातल्या एकीने गुरांच्या गोचिडींवर बाटली ओतून बघितली आणि ‘काय उपयोग नाही’ म्हणून मोकळी झाली.

तीन बाटल्या आणि सहा बायका. पहिल्या आठवड्यात ज्या तिघी खालच्या अंगाला, दाट पातेऱ्यात काम करतात त्यांना तेल दिलं. वरच्या मोकळ्या भागात मी आणि दोघी. संध्याकाळी सगळ्या आमच्याच मागच्या दारी कपडे झटकून घरी जातात, त्यामुळे कुणाच्या पायाशी काय पडतं ते दिसतं. बायो आमच्याकडची सगळ्यात जुनी कामकरीण. खालच्या अंगाला असून तिच्या चादरीवर त्या आठवड्यात एकच पिल्लू सापडलं. वरच्या भागातून आलेल्या माझ्या चादरीवर एकाच संध्याकाळी सात. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे, हे मला कळतं. पण ती सात बघून मी रात्रीच आक्काला फोन केला आणि आणखी तेल मागवलं.

लावायची पद्धत सांगते, कारण सगळा फरक तिथे पडतो. पायाच्या घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत, हात कोपराच्या वरपर्यंत, मानेची मागची बाजू आणि कंबरेला जिथे नाडी किंवा निरी बसते तिथे चारी बाजूंनी. गोचीड खालून चढते आणि कपडा घट्ट असतो तिथे थांबते, म्हणून कंबर विसरायची नाही. डोळे, ओठ आणि काट्याने ओरबाडलेली जागा सोडून द्यायची. निघायच्या आधी अर्धवट चोपडून धावायचं नाही, ओसरीवर बसून नीट लावायचं. माझ्या अनुभवात सकाळी सातला लावलेलं अकरापर्यंत पक्कं टिकतं. एप्रिल-मेमध्ये घाम धारा लागून वाहतो तेव्हा साडेनऊच्या चहाला पुन्हा हात फिरवावा लागतो. वास औषधी, पण डोकं उठवणारा नाही. मला पुरळ आलं नाही. एकीच्या मानेवर जरा चुरचुरलं, तिने मानेला लावणं थांबवलं आणि पदर गुंडाळू लागली.

आता तक्रारी. पहिली बायोची. दुसऱ्याच दिवशी तिने बाटली माझ्यापुढे ठेवली. ‘वयनी, ह्यां त्याल लावल्यार काजी हातातसून निसटतत.’ खरंच होतं. बी पिळायला अंगठा आणि दोन बोटं कोरडी लागतात. तळवा तेलकट झाला की काम निम्म्यावर येतं, आणि काम निम्म्यावर आलं की कुठलीही बाई तेल लावणार नाही, आरोग्य खात्याने कितीही सांगू दे. तोडगाही बायोनेच काढला. चुलीतली चाळलेली राख एका डबीत आणली. तेल लावून झालं की दोन्ही तळवे राखेत चोळायचे आणि फडक्याला पुसायचे. तेव्हापासून ती डबी ओसरीच्या खुंटीला टांगलेली आहे.

दुसरी तक्रार बाटलीची. मला मिळालेल्या बाटल्यांवरची छपाई बारीक आणि कन्नड-इंग्रजीत. सागरच्या माणसांसाठी ते ठीक, पण माकडताप आता राज्याची हद्द मानत नाही. मी मराठीत चार ओळी लिहून प्रत्येक बाटलीला चिकटवल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी माणसाचं चित्र काढून लावायच्या जागा लाल पेनाने रंगवल्या. बाटल्या भरणाऱ्यांनी असं चित्र छापलं तर कुठल्याही भाषेत चालेल. शिवाय झाकण फिरकीचं आहे. पिशवीत आडवं पडलं की झिरपतं, आणि महिन्याला एक बाटली अशी वाया जाते.

तेलावर सगळं सोडून चालत नाही. आम्ही पातेऱ्यावर बसून पेज खाणं बंद केलं, बसायला जाड ताडपत्री नेतो. सलवारीचे पाय मोज्यात खोचतो. घरी आल्यावर चादर, मग कढत पाण्याने साबण लावून आंघोळ, आणि ते कपडे उकळत्या पाण्यात. बागेत माकड मेलेलं दिसलं तर कुणी जवळ जायचं नाही. माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. वनखात्याला किंवा उपकेंद्राला कळवलं की ते तिथे मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पूड मारतात. आणि हंगामात ताप आला तर डॉक्टरांना तोंडाने सांगायचं, मी काजूत काम करते, माकडतापाची तपासणी करा. आम्ही हे सांगितलं असतं तर दिरांचे पाच दिवस फुकट गेले नसते.

लशीबद्दल मला बरेच जण विचारतात. जुनी लस होती. कर्नाटकातल्या 2005 ते 2010 च्या आकडेवारीत दोन डोसांनी साधारण 62 टक्के आणि बूस्टर घेतल्यावर 83 टक्के संरक्षण दिसलं होतं. पुढे तिचा जोर कमी पडू लागला आणि ती थांबवली. नव्या लशीचं काम आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, हाती घेतलं आहे. ती हाती येईपर्यंत बागेत जाताना आमच्याजवळ तेल आहे, चादर आहे आणि कढत पाणी आहे.

मी डेपाला पाचपैकी चार देते. एक गुण राखला तो बाटली आणि लेबलासाठी, आतल्या तेलासाठी नाही. डीएमपी आणि डेपा दोन्ही समोर असतील तर डेपाच घ्या. कधीमधी बागेत फेरी मारणाऱ्यालाही ते लागेल, कारण गोचीड चढायला एक फेरी पुरते. लहान मुलांना लावायच्या आधी उपकेंद्रात विचारा. आमच्याकडे मुलांना हंगामात बागेत नेतच नाही.

एक बाटली एका बाईला साधारण नऊ-दहा दिवस पुरते. सहा जणी आणि तीन महिने म्हटलं तर साठेक बाटल्या होतात. तेवढ्या आक्काने पिशवीतून आणायच्या हे शक्य नाही, आणि तिच्या गावाच्या वाट्याचं तेल आम्ही संपवणं बरोबरही नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी, बायो आणि आशाताई मिळून उपकेंद्रात अर्ज देऊन आलो. त्यात आमच्या वाडीतल्या काजूत काम करणाऱ्या एकेचाळीस जणांची नावं आहेत. पहिलं नाव बायोचं, तिच्या अंगठ्यासकट.