स्क्रॅबल: खरी मजा दोन अक्षरांच्या शब्दांत

स्क्रॅबल हा पटावर अक्षरांचे ठोकळे मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ. पाठ केलेल्या लांब शब्दांपेक्षा या खेळात छोटे शब्द अनेकदा जास्त गुण मिळवून देतात, आणि म्हणूनच तो मला फार आवडतो. 100 ठोकळ्यांत क्यू एकच, किंमत 10. इंग्रजीत क्यूनंतर सहसा यू येतो, म्हणून यू हाती नसला की नवखे खेळाडू क्यू शेवटपर्यंत सांभाळतात. डाव संपला की तेच 10 गुण वजा होतात. उपाय सोपा: क्यू-आय, म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. अक्षराची तिप्पट किंमत देणाऱ्या चौकोनात क्यू ठेवून हाच शब्द आडवा आणि उभा जुळवला, तर प्रत्येकी 31, एकूण 62 गुण! क्यू-ए-टी, म्हणजे येमेनमध्ये चघळतात तो पाला, हाही चालतो. एक्ससाठी ए, ई, ओ यांपैकी कोणताही स्वर आधी लावा. झेड-ए म्हणजे पिझ्झा.

उणीव एकच: मान्य शब्दांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. झेड-ओ, म्हणजे याक आणि गाईचा संकर, ब्रिटिश शब्दकोश-प्रकाशक कॉलिन्सच्या यादीत आहे, उत्तर अमेरिकेच्या यादीत नाही. त्यामुळे यादी कोणती ते डावाआधीच ठरवा, नाहीतर ऐन रंगात वाद होतो. आणि अर्थासकट शिका. नुसती अक्षरे लवकर विसरतात.